शाळेचा जुना लॅपटॉप आणि प्रोसेसर बदलण्याचा प्रश्न

(सावनेर येथील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेपुढील व्याख्यान)



प्राथमिक शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत पूर्वी घंटा, फळा, नकाशे, तराजू आणि लाकडी पेटी यांच्या नोंदी असत. आज त्याच नोंदवहीत लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांची नोंद आढळते. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यापुढील दोन-तीन वर्षांत राज्यातील अनेक गावांनी लोकवर्गणी जमवून आपली शाळा ‘डिजिटल’ केली. सावनेरसारख्या तालुक्यात अशी वर्गणी संत्र्याच्या बागाईतदाराची असते, कोळशाच्या खाणीतील कामगाराची असते, तशीच रोजमजुरीवर जाणाऱ्या मातेचीही असते. त्या पैशातून घेतलेले यंत्र हे केवळ शाळेचे साहित्य नव्हे. ती गावाने शाळेवर टाकलेल्या विश्वासाची एक खूण होय.

ती यंत्रे आता दहा-दहा वर्षांची झाली. काही तर त्याहूनही जुनी आहेत. ती सुरू होण्यास पाच-सात मिनिटे घेतात; दीक्षा ॲपवरील एखादा पाठ लावावा तर चित्र अडखळते आणि पहिलीच्या वर्गातील मुले तेवढ्या अवकाशात एकमेकांच्या पाट्या ओढू लागतात. शिक्षणाच्या दृष्टीने हीच खरी हानी होय. मुलाचे लक्ष एकदा वेधले गेले असता ते टिकविणे सोपे असते. निसटलेले लक्ष पुन्हा गोळा करणे मात्र अनुभवी शिक्षकासही जड जाते. अशा वेळी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत कोणीतरी तंत्रस्नेही शिक्षक सुचवितो की, लॅपटॉपचा प्रोसेसर बदलून टाकावा, म्हणजे यंत्र नव्यासारखे चालेल. सूचना उत्साहाची असते, हेतूही चांगला असतो. परंतु ती स्वीकारण्यापूर्वी तिची चिकित्सा होणे अगत्याचे आहे, कारण पैसा थोडा आहे. समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदानाचे प्रमाण पाहिले, तर तीसपर्यंत पट असलेल्या शाळेस वर्षाकाठी १०,००० रुपये मिळावयाचे असतात. त्यातील किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी राखावयाचा, उरलेल्यात वीजबिल, खडू, कागद आणि किरकोळ दुरुस्ती भागवावयाची. अशा शाळेत हजार-दोन हजार रुपये चुकीच्या भागावर खर्च झाले, तर वर्षभर तो खड्डा भरून निघत नाही; आणि बहुधा शेवटी शिक्षकच पदरमोड करतो.

प्रथम प्रोसेसर म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे. शालेय पोषण आहाराचे स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणावे. तेथे तांदूळ-डाळीची कोठी असते, भांडी व साहित्य मांडावयाचा ओटा असतो, आणि प्रत्यक्ष शिजविणारी स्वयंपाकीण असते. लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क ही कोठी, रॅम हा ओटा आणि प्रोसेसर ही स्वयंपाकीण होय. कोठी शाळेच्या दुसऱ्या टोकास असेल आणि एकेक वाटी धान्य तेथून आणावे लागत असेल, तर स्वयंपाकीण कितीही चपळ असो, ती चुलीपुढे हात बांधून बसून राहील. ओटा अपुरा असेल, तर निम्मे साहित्य कोठीत परत ठेवून पुन्हा पुन्हा आणावे लागेल. अशा शाळेने स्वयंपाकीण बदलली, म्हणून खिचडी लवकर शिजणार नाही. बहुतेक जुन्या लॅपटॉपांची अवस्था नेमकी अशीच असते.

जुन्या लॅपटॉपमधील फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क मिनिटाला सामान्यतः ५,४०० फेरे घेते. विखुरलेली माहिती शोधावयाची झाल्यास तिचा काटा दर वेळी जागा बदलतो, आणि अशा रीतीने ती सेकंदाला शंभराच्या आसपासच वेळा माहिती उचलू शकते. एस.एस.डी. या नावाने मिळणाऱ्या डिस्कमध्ये फिरणारा भागच नसतो. ती तेवढ्याच अवधीत हजारो वेळा माहिती उचलते. संगणक सुरू होताना असंख्य लहान लहान फायली उघडाव्या लागतात. यावरून तेथील विलंबाचे कारण उघड व्हावे. याउलट २०१२ सालचा साधा कोअर आय-थ्री प्रोसेसर घेतला, तरी तो शाळेत लागणाऱ्या कामास, म्हणजे सरल व युडायस प्लस यांची माहिती भरणे, शालार्थमधील वेतनाचे काम, मराठी टंकलेखन आणि चित्रफीत दाखविणे यांस, आजही बहुधा पुरतो.

एक गोष्ट येथे प्रसंगाने सांगण्याजोगी आहे. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्या कार्याचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील आणि त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण नागपुरास झालेले. तो महासंगणक एखाद्या अजस्र प्रोसेसरावर उभा नव्हता; अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडून, त्यांच्यात माहितीची ने-आण सुरळीत होईल अशी रचना त्यात केली होती. यंत्राची गती ही त्याच्या एका अवयवात नसून अवयवांच्या मेळात असते, हे त्यावरून दिसते.

आता प्रोसेसर बदलणे मुळात शक्य आहे काय, हा प्रश्न. टेबलावरील मोठ्या संगणकात प्रोसेसर खोबणीत बसविलेला असतो आणि तो काढता-घालता येतो. त्यामुळे लॅपटॉपमध्येही तसेच असावे असा समज होतो. पूर्वी काही अंशी तसे होतेही. इंटेल कंपनीच्या कोअर मालिकेतील पहिल्या पिढीपासून चौथ्या पिढीपर्यंतचे, म्हणजे सुमारे २०१० ते २०१४ या काळातील, पुष्कळसे लॅपटॉप सॉकेटयुक्त होते. प्रोसेसरच्या क्रमांकाच्या शेवटी एम, क्यू-एम किंवा एम-क्यू अशी अक्षरे असल्यास तो सॉकेटमध्ये बसविलेला असण्याचा संभव असतो. शेवटी यू, वाय किंवा एच-क्यू असल्यास तो मदरबोर्डावर डाख देऊन कायमचा बसविलेला असतो. पाचव्या पिढीपासून तर इंटेलने लॅपटॉपसाठी सॉकेटचे प्रोसेसर काढणेच बंद केले. (ए.एम.डी. कंपनीच्या प्रोसेसरांवरील अक्षरांचे अर्थ निराळे आहेत. त्यांस हा नियम लावू नये.) एम हे अक्षरही केवळ संभव दाखविते, खात्री नव्हे, काही एम प्रोसेसर दोन्ही प्रकारांनी मिळत असत. खात्री करावयाची तर त्या नमुन्याची कंपनीची दुरुस्ती-पुस्तिका पाहावी.

याचा अर्थ असा की, २०१५ नंतरच्या डिजिटल शाळांच्या लाटेत घेतलेल्या बहुसंख्य लॅपटॉपांच्या बाबतीत प्रोसेसर बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. डाख काढून नवा प्रोसेसर बसविण्याचे काम विशेष यंत्रावाचून होत नाही, आणि झाले तरी त्याचा खर्च व धोका त्या लॅपटॉपच्या आजच्या किमतीस न शोभणारा असतो. बाजारात कोणी ‘बदलून देतो’ असे सांगितले, तर तो प्रोसेसर बदलणार की सबंध मदरबोर्ड, हे आधी स्पष्ट विचारून घ्यावे.

उरले ते २०१५ पूर्वीचे सॉकेटयुक्त लॅपटॉप. तेथेही तीन अडचणी आहेत. पहिली अशी की, प्रत्येक पिढीचे सॉकेट निराळे असते. दुसरी व तिसरी पिढी तेवढी एका सॉकेटमध्ये बसू शकते. चौथ्या पिढीचा प्रोसेसर त्यात बसत नाही. दुसरी अडचण बायॉसची. सॉकेटमध्ये बसला म्हणून यंत्र त्या प्रोसेसरास ओळखेलच असे नाही. उत्पादकाने बायॉसमध्ये त्याची सोय केलेली असावी लागते. ती नसल्यास पडदा काळाच राहतो. तिसरी अडचण उष्णतेची, आणि सावनेरच्या शाळांनी सर्वांत अधिक विचार करावयाचा तो हिचाच.

बहुतेक उत्पादक आपला लॅपटॉप ३५ अंश सेल्सिअस तापमानापर्यंतच्या खोलीत वापरावा असे सांगतात. नागपूर जिल्ह्यातील उन्हाळा सर्वांस ठाऊक आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. याच उन्हामुळे विदर्भातील शाळा राज्यातील अन्य शाळांहून उशिरा उघडतात. एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक जेव्हा माहिती भरण्यास बसतात, तेव्हा पत्र्याच्या वर्गखोलीतील हवा यंत्राच्या मर्यादेबाहेर गेलेली असते. त्यात धूळ. सिल्लेवाडा व सावनेर परिसरातील कोळशाच्या खाणी, खापरखेड्याचे १,३४० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र, अवजड वाहनांची ये-जा आणि उन्हाळ्यातील वावटळी. या सर्वांची बारीक धूळ पंख्याच्या वाटेने यंत्रात शिरते आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर नमद्यासारखा थर बसतो. प्रोसेसरला स्वसंरक्षणाची योजना असते. त्याचे तापमान प्रकारपरत्वे ९० ते १०५ अंशांवर पोहोचले की तो आपली गती आपोआप कमी करतो, आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद पडते.

सबब जो प्रोसेसर दुबळा झाला असे वाटते, तो पुष्कळदा गुदमरलेला असतो. त्याच्या जागी अधिक बलवान प्रोसेसर बसविणे म्हणजे कोंदट खोलीत आणखी एक चूल पेटविणे होय. तिसऱ्या पिढीतील दोन गाभ्यांचे सामान्य एम प्रोसेसर ३५ वॅटचे असतात, तर चार गाभ्यांचे बरेचसे क्यू-एम प्रोसेसर ४५ वॅटचे. ३५ वॅटसाठी घडविलेली तांब्याची नळी, पंखा आणि चार्जर यांवर हा वाढीव भार टाकला, तर नवा प्रोसेसरही थोड्याच वेळात गती आवरती घेईल.

तेव्हा निदान आधी, औषध मागाहून. ते निदान शिक्षकास स्वतः करता येते, त्यासाठी नागपुरास सीताबर्डीपर्यंत जाण्याचे कारण नाही. विंडोज असलेल्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या असता टास्क मॅनेजर उघडतो. यंत्र मंदावलेले असतानाच तेथे सीपीयू, मेमरी आणि डिस्क या तीन सदरांतील टक्केवारी पाहावी. सीपीयू वीस-तीस टक्क्यांवर आणि डिस्क शंभरावर असेल, तर दोष कोठीचा आहे. मेमरी नव्वदीपलीकडे असेल, तर ओटा अपुरा आहे. यंत्र सकाळी बरे आणि दुपारी मंद, किंवा पहिली दहा-पंधरा मिनिटे बरे आणि पुढे पंख्याचा आवाज वाढून मंद होत असेल, तर उष्णतेचा दोष समजावा. सीपीयू सतत शंभर टक्के आणि बाकीची दोन्ही सदरे शांत असतील, तरच प्रोसेसरकडे संशयाने पाहण्यास जागा आहे. आणि तेव्हाही आधी पाठीमागे कोणता अनावश्यक प्रोग्राम चालू आहे ते शोधावे.

तिन्ही सदरे शांत असूनही पान उघडत नसेल, तर दोष यंत्राचा नसून जोडणीचा वा पलीकडच्या पोर्टलचा असतो. माहिती भरण्याच्या अखेरच्या दिवशी सायंकाळी राज्यातील सगळ्या शाळा एकाच पोर्टलवर आल्या म्हणजे काय होते, याचे वर्णन या सभेपुढे करण्याची गरज नसावी. त्यावर जगातील कोणताही प्रोसेसर चालत नाही. चार दिवस आधी माहिती भरणे मात्र चालते.

आणखी एक दोष असा आहे की ज्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. मूळ चार्जर बिघडला म्हणून बाजारातून स्वस्त चार्जर आणला जातो. काही कंपन्यांचे लॅपटॉप असा परका चार्जर ओळखत नाहीत आणि अपुऱ्या विजेच्या भयाने प्रोसेसरची गती कायमची आवरून धरतात. यंत्र सुरू होताना चार्जर ओळखला न गेल्याची सूचना पडद्यावर येते. ती वाचण्याआधीच घाईने पुढची कळ दाबली जाते. अशा शाळेने प्रोसेसर बदलला तर तोही तसाच रांगेल. योग्य चार्जर आणला की जुनाच प्रोसेसर धावू लागतो.

सावनेर तालुक्यातील एखादी दोनशिक्षकी शाळा उदाहरणादाखल कल्पावी. तिच्यापाशी २०१३ सालचा, कोअर आय-थ्री ३११०एम प्रोसेसर, चार जीबी रॅम आणि पाचशे जीबीची फिरती डिस्क असलेला लॅपटॉप आहे. त्याच सॉकेटचा आय-फाइव्ह बसविल्यास फारच थोडा फरक पडेल. तोही गाणिते सोडविण्यात, यंत्र सुरू होण्यात नव्हे. कारण यंत्र सुरू होताना आय-थ्रीच मुळी डिस्कची वाट पाहात बसलेला असतो. याऐवजी त्या शाळेने प्रथम पंखा व जाळी स्वच्छ करून घ्यावी आणि प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घ्यावी. नंतर अडीच इंची सॅटा एस.एस.डी. बसवावी. पैसे उरल्यास रॅम चाराची आठ जीबी करावी. रॅम घेताना जुनी पट्टी काढून सोबत न्यावी, कारण त्या काळच्या यंत्रांस डीडीआर-थ्री प्रकारची रॅम लागते, आणि चौथ्या पिढीच्या यंत्रांस सामान्यतः तिचा कमी दाबाचा, डीडीआर-थ्री-एल हा प्रकार. भाव सारखे बदलत असल्यामुळे नेहमीप्रमाणे तीन दरपत्रके घ्यावीत. पंखा स्वतः झाडावयाचा असल्यास यंत्र बंद करून, काढता येत असल्यास बॅटरी काढून, मऊ कुंचल्याने झाडावा. फुंकणीचा झोत मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. भन्नाट फिरू दिल्यास तो खराब होतो. बॅटरी फुगून तळ वर आला असेल, तर तो लॅपटॉप मुलांच्या हाती एक दिवसही देऊ नये. गतीचा विचार त्यानंतर.

प्रोसेसर बदलणे कधीच योग्य नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. समजा, यंत्रात दुसऱ्या पिढीच्या काळातील सेलेरॉन बी८२० आहे. तो १.७ गिगाहर्ट्‌झचा, दोन गाभ्यांचा, ३५ वॅटचा. त्याच पिढीचा, त्याच ३५ वॅटचा कोअर आय-फाइव्ह २४५०एम हा २.५ पासून ३.१ गिगाहर्ट्‌झपर्यंत चढतो. दुरुस्ती-पुस्तिकेत दोन्ही नोंदलेले असतील, डिस्क व रॅमचे काम आधीच झालेले असेल, आणि शाळेत विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांच्या चित्रफिती जोडण्यासारखे जड काम खरोखर होत असेल, तर हा बदल सार्थ ठरेल. परंतु असे प्रोसेसर आता केवळ जुन्या बाजारात मिळतात. त्यांच्या पायांपैकी एखादाही सॉकेट वाकलेला वा भाजलेला निघाला, तर दाद मागावयास जागा राहात नाही. काम जाणत्या कारागिराकडून, पावती घेऊन आणि यंत्र समोर चालवून पाहूनच करून घ्यावे.

शेवटी एक मर्यादा अशी आहे की, ती कोणत्याही प्रोसेसरने ओलांडता येत नाही. विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा, प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची योजना लागते. सॉकेटयुक्त लॅपटॉपची धाव चौथ्या पिढीपर्यंतच. तात्पर्य, नवी विंडोज चालावी म्हणून जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलणे हा व्यर्थ खर्च होय.

अशा यंत्रांस लिनक्स हा मार्ग मोकळा आहे. केरळ राज्याने २००१ साली सुरू केलेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पात, जो २०१७ पासून ‘काइट’ या नावाने चालतो, शाळांतील संगणक मुक्त प्रणालीवर चालविले. आपल्याकडील सी-डॅकनेही ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली काढली असून तीत मराठीची सोय आहे. ब्राउझरमध्ये होणारी बहुतेक कामे लिनक्सवर होतात. मात्र शाळेच्या जुन्या पत्रव्यवहाराच्या फायली युनिकोडपूर्व फाँटांत असतील, तर त्या तेथे नीट दिसणार नाहीत. आणि प्रिंटर चालतो की नाही हे आधी पेन ड्राइव्हवरून प्रणाली चालवून तपासावे. ज्या शाळेत दोन यंत्रे आहेत, तिने एक वर्गासाठी लिनक्सवर आणि एक कार्यालयासाठी विंडोजवर ठेवणे श्रेयस्कर. ज्या यंत्राचा पडदा, बिजागरी आणि बॅटरी ही तिन्ही गेली आहेत, त्यावर मात्र डिस्कचाही खर्च करू नये; रीतसर निर्लेखनाचा प्रस्ताव पंचायत समितीकडे पाठवावा.

जुनी डिस्क काढल्यावर ती कारागिराच्या दुकानी सोडून येऊ नये. तीत विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक आणि पालकांच्या बँक खात्यांचे तपशील असतात. ती मागून घ्यावी, आवश्यक फायली नव्या डिस्कवर उतरवून झाल्यावर संपूर्ण पुसावी, मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवावी आणि जडसंग्रह नोंदवहीत लॅपटॉपच्या नोंदीसमोर बदललेल्या भागाचे नाव, दिनांक, किंमत व पावतीचा क्रमांक लिहून समितीच्या पुढील बैठकीत ती नोंद वाचून दाखवावी.